विटा भाजणारा प्रिन्सिपॉल

'एक होता कार्व्हर' वाचलं नाही असा मराठी पोरगा होस्टेलवर सापडणं अवघड. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं, आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षीस समारंभात ते कुणाला ना कुणाला मिळतंच. भुईमूग आणि रताळ्यापासून नाना वस्तू करून दाखवणारा तो प्राध्यापक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पण १८९६ साली त्याला आयोवातून अलाबामाच्या उजाड मुलखात बोलावून घेणारा माणूस कोण, असं विचारलं की गाडी अडते. नाव आठवतं, बुकर टी. वॉशिंग्टन, पण त्यापुढे काही नाही. हा लेख त्या माणसाविषयी.

टस्कीगी नावाच्या छोट्या गावात या माणसाने १८८१ साली एक शाळा सुरू केली आणि १९१५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ३४ वर्षं, ती चालवली. त्याच शाळेचं पुढे १९८५ साली टस्कीगी विद्यापीठ झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर संस्थापक प्राचार्य, रेक्टर, साइट इंजिनिअर आणि देणग्यांसाठी दारोदार फिरणारा, असं सगळं एकाच अंगावर. शिवाय आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांचा तो बिनपगारी सल्लागारही होता. आणि त्याच्याइतक्या शिव्या त्याच्याच लोकांकडून खाल्लेला पुढारीही त्या काळात दुसरा नसेल. त्या का खाल्ल्या, तेही पुढे येईलच.

बुकरचा जन्म १८५६ सालचा, व्हर्जिनिया राज्यातल्या एका मळ्यावरचा. जन्मतारीख त्याची त्यालाच नक्की माहीत नव्हती. गुलामांच्या पोरांच्या तारखा कोण लिहून ठेवणार? आई जेन ही मळ्याची स्वयंपाकीण. बाप कुणीतरी गोरा माणूस, त्याने या पोराची कधी विचारपूस केली नाही. राहायला एक खोलीचं लाकडी खोपट, खाली मातीची जमीन. खोलीच्या मधोमध एक खड्डा आणि त्यावर फळ्या, कारण हिवाळ्यात रताळी त्यात साठवली जायची. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, मालकाच्या वाड्यापुढे सगळ्यांना उभं करून एका अधिकाऱ्याने कागद वाचला, आणि ही माणसं मोकळी झाली. मोकळी म्हणजे काय? घर नाही, जमीन नाही, अक्षर नाही, उद्या काय खायचं ते माहीत नाही. नुसतं मोकळं होणं ही किती अपुरी गोष्ट आहे, हे वयाच्या नवव्या वर्षी त्याने पाहिलं. त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला इथेच दिसते.

सावत्र बाप वेस्ट व्हर्जिनियात माल्डन गावी मिठाच्या भट्ट्यांवर कामाला होता. कुटुंब तिकडे गेलं आणि बुकरही भट्टीवर लागला. त्याच्या बापाच्या वाट्याच्या पिंपांवर रोज संध्याकाळी मुकादम १८ हा आकडा घालायचा. बुकरला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं ते हेच, अठरा. अक्षरं नंतर आली. पुढे गावात शाळा निघाली तेव्हा पहाटे भट्टीवर काम, मग शाळा, मग पुन्हा काम. हजेरीच्या वेळी बघतो तर प्रत्येक पोराला दोन-दोन नावं, आणि आपल्याला एकच! गुरुजींनी विचारलं तेव्हा त्याने थंडपणे सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. आडनाव असं जागच्या जागी स्वतःच ठेवून घेतलं.

मिठाच्या भट्टीनंतर कोळशाची खाण. खाणीत एकदा दोन कामगार बोलत होते की व्हर्जिनियात हॅम्प्टन नावाची एक मोठी शाळा आहे, तिथे गरीब काळ्या पोरांना काम करून फी भागवता येते. अंधारात सरकत सरकत त्याने ते सगळं ऐकून घेतलं. हॅम्प्टन कुठे आहे, किती लांब, काही ठाऊक नाही, पण जायचं ठरलं. मधल्या काळात तो खाणमालकाच्या घरी घरकामाला होता. मालकीणबाई रफनर या शिस्तीच्या कडक. अंगणात कागदाचा कपटा चालायचा नाही, कुंपणाची एक फळी निखळलेली चालायची नाही. आधीची पोरं दोन-तीन आठवड्यांत पळून गेली होती. हा टिकला. इतका टिकला की पुढे आयुष्यभर त्याला कुठे कचरा दिसला की तो उचलल्याशिवाय पुढे जाववत नसे.

१८७२ साली तो निघाला. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, खिशात पैसे नावालाच. काही प्रवास गाडीने, काही पायी. वाटेत एका खाणावळीत कातडीच्या रंगामुळे रात्रीपुरतीही जागा मिळाली नाही. रिचमंड शहरात पोचेपर्यंत खिसा रिकामा झाला होता. तिथे लाकडी फुटपाथच्या खाली शिरून त्याने रात्र काढली. सकाळी बंदरात एका जहाजातून बिडाचं लोखंड उतरवलं जात होतं. तिथे हमाली मिळाली. काही दिवस हमाली आणि रात्री तोच फुटपाथ, असं करत त्याने पुढच्या वाटेचे पैसे जमवले. हॅम्प्टनच्या फाटकात शिरला तेव्हा हातात ५० सेंट शिल्लक होते.

आता ॲडमिशनची गंमत ऐका. मुख्य शिक्षिका मिस मॅकी यांनी त्या मळक्या पोराकडे पाहिलं आणि काही बोलल्याच नाहीत. बाकीच्यांना प्रवेश मिळत होता, हा ताटकळत. बऱ्याच तासांनी त्यांनी त्याला एक वर्ग झाडायला सांगितला. लेखी नाही, तोंडी नाही, थेट झाडू! बुकरने वर्ग तीनदा झाडला आणि फडक्याने चारदा पुसला. बाईंनी येऊन रुमाल काढला, भिंतीच्या लाकडावरून, टेबलावरून, बाकांवरून फिरवला. धूळ सापडली नाही. प्रवेश पक्का, आणि वर सफाई कामगाराची नोकरीही. आपल्या वायवाला एक्स्टर्नल असा रुमाल घेऊन आले तर किती जण पास होतील, ते ज्याने त्याने आपापलं पाहावं.

हॅम्प्टनचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांचा सिद्धांत असा, की शिक्षण डोक्याला, हाताला आणि मनाला एकदमच द्यायचं. बुकर १८७५ साली तिथून बाहेर पडला, गावी जाऊन मास्तरकी केली, थोडं पुढे शिकला आणि पुन्हा हॅम्प्टनवरच शिकवायला आला. १८८१ मध्ये अलाबामातून आर्मस्ट्राँग यांना पत्र आलं. टस्कीगी गावात काळ्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा काढायची आहे, प्रमुख म्हणून माणूस सुचवा. पाठवणाऱ्यांना बहुधा गोराच माणूस अपेक्षित होता. आर्मस्ट्राँगनी बुकरचं नाव कळवलं. वय अवघं २५.

तो पोचला तेव्हा शाळा म्हणून काहीच नव्हतं. राज्य सरकारने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले होते, तेही फक्त पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही, एक खुर्चीसुद्धा नाही. गावातले दोन लोक पाठीशी होते, पत्र्याचं आणि चामड्याचं काम करणारा पूर्वीचा गुलाम लुईस ॲडम्स आणि पूर्वीचा गुलामांचा मालक, व्यापारी जॉर्ज कॅम्पबेल. जोडी जरा विचित्रच म्हणायची.

शाळा उघडण्याआधी महिनाभर बुकरने काय करावं? प्रॉस्पेक्टस छापावं? तो खेचराच्या गाडीतून खेड्यापाड्यांत हिंडला. लोकांच्या खोपटात झोपला, त्यांच्या ताटात जेवला. रोजचं जेवण म्हणजे डुकराची चरबी आणि मक्याची भाकरी. भाजीपाला कुठेच नाही, कारण कापूस खोपटाच्या दारापर्यंत लावलेला. जमीन दुसऱ्याची, बी-बियाणं आणि किराणा दुकानदाराकडून उधार, व्याज जबर, आणि उधारी फेडायची ती पिकातून. दुकानदाराला फक्त कापूस हवा. म्हणून शेतकरी कापूसच लावायचा, खायचं धान्य पुन्हा उधारीवर आणायचा, आणि वर्षाच्या शेवटी हिशेबात बाकी काढून पुढच्या वर्षी त्याच दारात उभा. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मित्रांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि त्याच खोपटांत त्याला हप्त्यावर घेतलेली ६० डॉलरची शिवणयंत्रं दिसली. बहुतेक ठिकाणी ती वापरलीच जात नव्हती! एका घरी जेवायला पाच जणांत एक काटा, आणि कोपऱ्यात ६० डॉलरचा ऑर्गन, तोही हप्त्यावर. एक तरुण मुलगा मळक्या खोलीत, आजूबाजूला तण माजलेलं असताना, फ्रेंच व्याकरण पाठ करत बसलेला. या शेवटच्या पोराची बुकरने पुढे बरीच थट्टा केली. ही थट्टा मला पूर्ण पटत नाही. फ्रेंच शिकावंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्याचा मुद्दा वेगळा होता. शहरातला अभ्यासक्रम जसाच्या तसा इथे आणून चालणार नाही, हे त्या महिन्याच्या फिरतीत त्याला कळलं. आधी सर्व्हे, मग सिलॅबस.

४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या एका मोडक्या शेडमध्ये ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. छप्पर इतकं गळकं की पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि मास्तर शिकवत राहायचे. थोड्याच दिवसांत गावाबाहेरचा १०० एकरांचा एक पडीक मळा ५०० डॉलरला मिळत होता. हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले, उरलेले नंतर. मळ्यावरचा तबेला आणि कोंबड्यांची खुराडी झाडून वर्ग भरले. मग रान तोडायचं होतं. विद्यार्थी नाराज. यातले बरेच जण स्वतः थोडीफार मास्तरकी केलेले. शिक्षण म्हणजे कुदळ सुटणं, अशी त्यांची समजूत. आणि ती चूक तरी कशी म्हणावी? ज्यांच्या आई-बापांनी चाबकाखाली जन्मभर तेच केलं, त्यांना शाळेत पुन्हा तेच कशाला? बुकरने भाषण दिलं नाही. दुपारी वर्ग सुटला की स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात जायचा. प्रिन्सिपॉलच लाकडं तोडतोय म्हटल्यावर पोरं हळूहळू मागे आली. वीस एकर साफ झालं, पेरणी झाली.

आता विटांची गोष्ट. सिव्हिलवाल्यांनी जरा लक्ष द्यावं.

इमारत बांधायची तर विटा हव्या, आणि गावात वीटभट्टीच नव्हती. बुकरने ठरवलं, आपणच पाडू. म्हणजे गुडघाभर चिखलात उभं राहून माती मळायची. हे काम इतकं नकोसं की काही विद्यार्थी शाळाच सोडून गेले. कशीबशी माती सापडली, सुमारे पंचवीस हजार विटा थापल्या, भट्टी रचली. फसली. कच्ची वीट नीट वाळली नसेल, आत जाळाच्या वाटा बरोबर ठेवल्या नसतील, उष्णता एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी झाली असेल, तर वीट तडकते किंवा कच्ची राहते. हे आज आपण पुस्तकात दोन ओळींत वाचून पाच मार्कांना लिहितो. त्यांना ते पंचवीस हजार विटा गमावून कळलं. दुसरी भट्टी लावली, तीही फसली. तिसऱ्या वेळी हॅम्प्टनला वीटकाम शिकून आलेले शिक्षक मदतीला होते. आठवडाभर भट्टी जळत ठेवायची होती. आठवडा संपत आला, आता जमलं असं वाटलं, आणि मध्यरात्री भट्टी कोसळली. तिसऱ्यांदा सगळं मातीमोल.

पैसे संपले होते. बाकीचे शिक्षक म्हणत होते की आता पुरे. बुकरजवळ एक जुनं घड्याळ होतं. ते घेऊन तो माँटगोमेरी शहरात गेला, सावकाराकडे गहाण टाकलं आणि १५ डॉलर घेऊन आला. चौथी भट्टी लावली. ती जमली! घड्याळ मात्र त्याला पुन्हा कधीच सोडवता आलं नाही. वीस वर्षांनी त्याच शाळेची मुलं एका हंगामात बारा लाख पक्क्या विटा काढत होती, बाजारात सहज खपतील अशा.

या विटांनी एक वेगळंच काम केलं. गावातल्या गोऱ्या लोकांना या शाळेबद्दल प्रेम नव्हतं. काळी पोरं शिकली की शेतात राबायला कोण राहणार, ही भीती होती. पण त्यांनाही घरं बांधायची होती आणि चांगली वीट दुसरीकडे मिळत नव्हती. ते विटा घ्यायला शाळेत येऊ लागले. विटांनंतर बैलगाड्या, बग्ग्या, मग दुरुस्ती. येणं-जाणं वाढलं, व्यवहार सुरू झाला. बुकरचा सगळा सिद्धांत या अनुभवावर उभा आहे. समोरच्याला तुमची गरज पडेल असं काहीतरी करून दाखवा, म्हणजे त्याला तुमचा रंग विसरावा लागेल. सिद्धांत किती खरा ठरला, ते पुढे.

मेसची गोष्ट सांगितली नाही तर होस्टेलवाले माफ करणार नाहीत. पहिली इमारत पोर्टर हॉल. तिच्या खाली विद्यार्थ्यांनी स्वतः जमीन खणून तळघर केलं आणि तिथे मेस सुरू झाली. भांडी नव्हती, धड चूल नव्हती, टेबलं म्हणजे सुतारांचे बाक. एकदा मांस कच्चं, एकदा भाकरी करपलेली, तर एकदा नाश्ताच नाही. एका सकाळी बुकर दाराबाहेर उभा राहून आतल्या तक्रारी ऐकत होता. एक मुलगी उपाशीच बाहेर आली, निदान पाणी तरी पिऊ म्हणून विहिरीवर गेली, तर दोर तुटलेला! या शाळेत प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही, असं काहीसं ती वैतागून बोलली. प्रिन्सिपॉल मागेच आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याने पुढे कबूल केलं की आयुष्यात इतका खचलेला क्षण दुसरा नव्हता. १५ डॉलरसाठी घड्याळ गहाण टाकतानाही खचला नव्हता बरं का! गाद्या होत्या पाइनच्या वाळक्या पानांच्या, तेही विद्यार्थीच भरायचे. टूथब्रश मात्र प्रत्येकाकडे हवाच. त्या बाबतीत माफी नव्हती.

पैसा कुठून आला? वर्षातला बराच काळ बुकर उत्तरेकडच्या शहरांत देणग्या मागत फिरे. रेल्वेवाले हंटिंग्टन यांनी पहिल्यांदा दोन डॉलर दिले होते. बुकरने राग धरला नाही, काम दाखवत राहिला. याच गृहस्थांनी पुढे ५० हजार डॉलर दिले. पोलादसम्राट कार्नेगी यांनी १९०३ मध्ये ६ लाख डॉलर दिले. पण मला भावते ती सुरुवातीची एक देणगी. सत्तरीतली, फाटक्या पण स्वच्छ कपड्यांतली एक म्हातारी काठी टेकत आली, जन्म गुलामीत काढलेली. तिने पोरांच्या शिक्षणासाठी सहा अंडी दिली.

हळूहळू सुमारे तीस धंद्यांचे विभाग उभे राहिले. सुतारकाम, लोहारकाम, छपाई, चांभारकाम, दूधधंदा, शिवणकाम असे. ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत त्याच्यासाठी रात्रशाळा. दिवसभर दहा तास कामशाळेत किंवा शेतावर, रात्री दोन तास वर्ग, आणि कमाई खात्यावर जमा. एक-दोन वर्षांनी तीच कमाई वापरून दिवसाच्या वर्गात जायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. 'कमवा आणि शिका' हे आपल्याला तिथून माहीत. इकडे साताऱ्याकडे आणि तिकडे अलाबामात दोन माणसांना गरिबीने एकच उत्तर सुचवलं, असं म्हणू या. पहिल्या एकोणीस वर्षांत कॅम्पसवर लहान-मोठ्या ४० इमारती झाल्या, त्यातल्या चार सोडल्या तर बाकी सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. ड्रॉइंग रॉबर्ट टेलरची. हा एमआयटीतून १८९२ साली पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. एवढी पदवी घेऊन तो या आडगावी आला आणि आयुष्याचा मोठा भाग तिथेच घालवला. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब घासताना आपल्याला वाटतं की हे सगळं कशासाठी. टेलरच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडत नसणार. त्यांचा जॉब म्हणजे त्यांचंच पुढच्या वर्षीचं होस्टेल असायचं.

पण शाळा कितीही मोठी झाली तरी त्यात शिरणारे थोडेच. बाहेर लाखो शेतकरी होते. १८९२ साली बुकरने आसपासच्या शेतकऱ्यांना एका दिवसासाठी बोलावलं. निमंत्रणं मोजकीच होती, आले सुमारे चारशे. भाषणं ठेवली नव्हती. प्रत्येकाने उठून सांगायचं की जमीन किती, कर्ज किती, घरात खोल्या किती, गावातली शाळा वर्षातून किती महिने चालते. पुढे ही परिषद दरवर्षी भरू लागली. ठराव साधे असत. जमीन घ्या, पीक गहाण टाकू नका, खायचं घरी पिकवा, एकाच खोलीत सगळ्यांनी झोपू नका, शाळेचे महिने वाढवा. मग कार्व्हर आला आणि त्याने प्रयोगशेती सुरू केली, सोप्या भाषेत पत्रकं काढली. (दोघांचं जमायचं असं समजू नका. कार्व्हरवर कोंबड्यांच्या खुराड्याची व्यवस्थाही टाकलेली होती, त्यावरून खटके उडायचे, आणि कार्व्हरने राजीनाम्याची धमकी एकदा नाही, अनेकदा दिली.)

१९०६ मध्ये आणखी पुढची पायरी. शेतकरी शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या बांधावर न्यायची. जेसप नावाच्या न्यूयॉर्कच्या दात्याने पैसे दिले, विद्यार्थ्यांनी गाडी बांधली, कार्व्हरने सामान ठरवलं. नांगर, बियाणी, लोणी काढायचं यंत्र, तक्ते. खेचरं जुंपून ही गाडी गावोगाव जायची. कुणाच्या तरी शेतात थांबायची, आजूबाजूचे शेतकरी जमायचे, आणि त्यांच्याच मातीत खोल नांगरून दाखवलं जायचं. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषिखात्याने या कामावर थॉमस कॅम्पबेल या टस्कीगीच्याच विद्यार्थ्याला नेमलं. कृषिखात्याचा तो पहिला कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. आपल्याकडे गावात कृषी सहायक येतो ना, त्याच जातीचं हे काम.

आता शिव्यांविषयी. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात बुकरचं भाषण झालं. दक्षिणेत गोऱ्यांच्या एवढ्या मोठ्या सभेपुढे काळ्या माणसाने बोलणं हीच बातमी होती. त्याने एका भरकटलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. खलाशी तहानेने मरत होते, आणि जहाज मात्र ॲमेझॉनच्या मुखाशी, गोड्या पाण्यातच उभं होतं. बादली आहात तिथेच सोडा, हा त्याचा अर्थ. काळ्यांनी इथेच राहून शेती, उद्योग, हस्तकला यांत पाय रोवावेत, गोऱ्यांनी त्यांना काम द्यावं. आणि मग ते कलम आलं. सामाजिक व्यवहारात आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू शकतो, प्रगतीच्या कामात हातासारखे एक होऊ. गोरा श्रोतावर्ग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. त्या टाळ्या कशाला होत्या, हे पुढच्या काही वर्षांत कळलं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या डब्यांना कायदेशीर ठरवलं. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना केली. मत देण्याच्या वयाच्या एक लाख ऐंशी हजारांवर कृष्णवर्णीय पुरुषांपैकी तीन हजारही मतदारयादीत उरले नाहीत.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हा हार्वर्डचा डॉक्टरेट. १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात त्याने बुकरवर सरळ हल्ला चढवला. माणसाला घर, शेत, दुकान करायला शिकवलं, पण मत नसेल तर ते घर तो राखणार कसा? आणि सगळ्यांना सुतार-लोहारच करायचं तर टस्कीगीत शिकवायला पदवीधर शिक्षक आणणार कुठून? दोन्ही प्रश्न बिनतोड आहेत. बुकरपाशी त्यांना उत्तर नव्हतं, असं मला वाटतं. विटा विकत घेणारा शेजारी निवडणुकीच्या दिवशी शेजारी राहिला नाही. उलट बुकर टीकाकारांच्या बाबतीत फार कडवा झाला. वर्तमानपत्रांवर दाब, नेमणुकांत हात, विरोधकांच्या बैठकांत हेर पाठवणं, असे सगळे उद्योग त्याने केले. रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी जेवायला बोलावलं तेव्हा दक्षिणेतली वृत्तपत्रं पेटून उठली. पण याच ओळखीच्या जोरावर कुणाला सरकारी पद मिळणार, हे टस्कीगीतून ठरू लागलं.

हे चित्र इथेच संपलं असतं तर सोपं होतं. पण त्याची खाजगी कागदपत्रं मरणानंतर बऱ्याच दशकांनी अभ्यासकांनी तपासली, तेव्हा दुसराच माणूस निघाला. अलाबामाच्या त्या मतदान-बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यांचा खर्च बुकर गुपचूप करत होता. वकिलाशी पत्रव्यवहार टोपणनावांनी चाले. खटले हरले. १८९५ मध्ये जमावाने गोळी घातलेला एक कृष्णवर्णी वकील रात्री त्याच्या दारात आला होता. बुकरने त्याला सर्वांदेखत घरात घेतलं नाही, आणि त्यासाठी लोकांनी त्याला भेकड म्हटलं. नंतर कळलं की त्यानेच त्याला सुरक्षित जागी पोचवून डॉक्टरची व्यवस्था केली होती. त्याच्याच संस्थेत मन्रो वर्क हा संशोधक १९०८ पासून जमावाने केलेल्या हत्यांची वर्षावर्षाची नोंद ठेवत होता. उघडपणे वाकायचं आणि आतून लढायचं. याला शहाणपण म्हणायचं की दुटप्पीपणा? रात्री त्याच्या कॅम्पसवर दीड हजार पोरं झोपलेली असत आणि बाहेरचा जमाव कधीही पेटवून द्यायला मोकळा होता, एवढं लक्षात ठेवून ज्याने त्याने ठरवावं. मी स्वतः डु बॉइसच्या बाजूचा आहे, पण विटा कोण भाजणार, हा प्रश्न मला तिथेही सुटत नाही.

महाराष्ट्रात हे नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या वर्षी बुकर हॅम्प्टनमध्ये वर्ग झाडत होता. आणि बुकर गेला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी पत्र लिहिलं ते मात्र डु बॉइसला.

१९१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये बुकरची प्रकृती एकदम ढासळली. रक्तदाब आणि मूत्रपिंडं, दोन्ही हाताबाहेर गेलेली. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्याने गाडीने घरी जायचा हट्ट धरला. टस्कीगीत पोचला, आणि १४ नोव्हेंबरच्या पहाटे गेला. वय ५९. मागे शंभराहून जास्त इमारती, सुमारे १५०० विद्यार्थी, दोनशेच्या आसपास शिक्षक. त्याला कॅम्पसवरच पुरलं.

मरण्याआधी तीन वर्षं त्याने एक काम सुरू करून ठेवलं होतं. सीअर्स रोबक कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला देणगी दिली, तिच्यातून उरलेल्या पैशांत बुकरने १९१२ मध्ये आसपासच्या खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधायला घेतल्या. अट एकच, गावानेही वाटा उचलायचा, पैशाने नाहीतर लाकडाने, श्रमाने. आराखडे टस्कीगीतले. सहाचे पुढे किती झाले? १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत ४९७७ शाळा. रोझेनवाल्ड यांच्या निधीने त्यात सुमारे ४३ लाख डॉलर घातले, आणि खेड्यांतल्या कृष्णवर्णीय लोकांनी त्याहून जास्त, ४७ लाख. कापसाचं एखादं एकर शाळेच्या नावाने लावून, जेवणं विकून, कोंबड्या विकून. १९५४ मध्ये न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्यानंतर या शाळा एकेक करून बंद झाल्या. काही पाडल्या, काहींची कोठारं झाली. काही मात्र माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून पुन्हा उभ्या केल्या.